दंडावरचा मीटर : साखरेच्या नोंदी, जून ते नोव्हेंबर २०२५

आधी माझी माहिती देतो, म्हणजे पुढचे आकडे कुणाचे ते कळेल. वय ५३, गोव्यात डिचोलीला मोटर रिवाइंडिंगचं दुकान. शुगर नऊ वर्षांची. सकाळी न्याहारीआधी ग्लिमेपिराइड २ मिलिग्रॅम आणि मेटफॉर्मिन ५०० अशी एकत्र गोळी, रात्री नुसती मेटफॉर्मिन. इन्सुलिन नाही. घरच्या मीटरवर उपाशीपोटीची शुगर कायम १२५ ते १३५, त्यामुळे मी निवांत. जूनमध्ये एचबीएवनसी ७.९ आला. म्हणजे तीन महिन्यांची सरासरी १८० च्या आसपास. सकाळी १३० आणि सरासरी १८०, मग चढते कधी? बिल दुप्पट येतंय पण घरात नक्की काय चालू राहिलंय ते सापडत नाही, तसली गत. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "दोन आठवडे सेन्सर लावून बघा. सकाळी एकदा बोट टोचून हे सापडायचं नाही."

गोळ्यांच्या मात्रा माझ्या आहेत. तुमच्या तुमच्या डॉक्टरांनी ठरवायच्या. यात मी एकदा शहाणपणा केला, तो पुढे येईलच.

२८ जून, शनिवार

म्हापशाच्या एका फार्मसीतून सेन्सर आणला. ५,१०० रुपये. चौदा दिवस चालतो, दंडाच्या मागच्या बाजूला लावायचा, फोन जवळ नेला की आकडा दिसतो. घरी येऊन खोकं उघडलं, ॲप घ्यायला गेलो, तर माझ्या फोनला एनएफसीच नाही. फोन टेकवून पैसे देतात त्याला लागते ती सोय. फार्मसीवाल्याने विचारलं नाही, मीही बघितलं नाही, आणि उघडलेलं खोकं परत घेत नाहीत. थोरलीच्या फोनला आहे. ती म्हणाली, "बाबा, माझ्या फोनवर लावूया की." प्रश्न सुटला असं दोघांनाही वाटलं.

६ जुलै, रविवार

आषाढी एकादशी, दुकान बंद, म्हणून आजच मुहूर्त केला. दोन चुका इथेच झाल्या.

पहिली : सकाळी अंगाला खोबरेल लावून अंघोळ केली आणि अर्ध्या तासात सेन्सर लावला. स्पिरिटच्या पट्टीने पुसलं होतं, तरी तेल कातडीत मुरलेलंच असतं. त्याची किंमत नवव्या दिवशी कळली.

दुसरी : उपवासाच्या दिवशी सुरुवात. सेन्सर लावल्यावर पहिला तास तो आकडाच देत नाही, आणि पहिल्या दिवसभरातले आकडे तितकेसे भरवशाचे नसतात. साबूदाण्याच्या खिचडीनंतर २७१ दिसले. बोट टोचलं तर २२३. साबूदाणा वाईट हे खरंच, पण किती वाईट ते या दिवसावरून सांगता येणार नाही. नव्या मोटरला पहिल्याच मिनिटाला फुल लोड देऊन करंट मोजावा तसं केलं मी. दुसऱ्यांदा लावताना रविवारी संध्याकाळी लावायचा आणि सोमवार संध्याकाळपासूनचे आकडे धरायचे, असं ठरवलं.

लावताना दुखतं का, हे सगळेच विचारतात. टप् असा आवाज होतो, तोच मोठा. सुई आत जाऊन लगेच बाहेर येते, आत राहते ती पाचेक मिलिमीटरची बारीक लवचीक तार. तारेवरच्या विकराची साखरेशी क्रिया होते, त्यातून अगदी बारीक करंट निघतो, तो मोजून आकडा. म्हणजे शेवटी ॲमीटरच. हे वाचल्यापासून मला त्याच्याबद्दल आपलेपणा वाटायला लागला.

७ जुलै, सोमवार

थोरली सकाळी आठला पणजीला कामावर जाते, साडेसहाला येते. फोन तिच्याबरोबर. या प्रकारच्या सेन्सरच्या पोटात फक्त मागच्या आठ तासांचं मावतं. संध्याकाळी साडेसहाला स्कॅन केलं तर साडेदहाच्या आधीचं सगळं पुसलेलं. आठ ते साडेदहा, म्हणजे नेमकी न्याहारी आणि तिच्यानंतरचे दोन तास. ज्यासाठी हा खटाटोप, तेवढंच गायब. आलेखात तिथे कोरी जागा.

दुसऱ्या फोनवर हलवावा म्हटलं तर तेही जमेना. ज्या फोनवरून चालू केला त्याच्याशीच त्याची गाठ.

८ जुलै, मंगळवार

सिमकार्डांची अदलाबदल. तिचा फोन माझ्याकडे, माझा तिच्याकडे. तिचा चेहरा बघण्यासारखा होता. "बाबा, फोटो बघायचे नाहीत हं." मी म्हटलं, मला आकडा बघायला चष्मा लागतो, फोटो कुठले बघतोय.

८ ची रात्र

रात्री तीनला लघवीला उठलो, सहज स्कॅन केलं. ५२! घाम नाही, थरथर नाही, डोकं साफ. हिला उठवलं, साखरेचा डबा निघाला. तोंडात टाकण्याआधी बोट टोचलं, १०८. डबा परत फळीवर, मी हिची बोलणी खात अंथरुणात.

आलेख बघितला तर दीड ते तीन अशी सरळ उभी दरी, कडा कापल्यासारख्या. खरी शुगर अशी पडत नाही, ती उतारावरून जाते. मी डाव्या कुशीवर झोपतो आणि सेन्सर डाव्या दंडावर. दंड दाबला गेला की तिथला द्रव हलत नाही आणि मीटर खोटं बोलतो. ज्या कुशीवर झोपता त्याच्या विरुद्ध दंडावर लावा. हे आधी कुणी सांगितलं असतं तर एका रात्रीची झोप वाचली असती, माझी आणि हिचीही.

९ जुलै, बुधवार

आज पहिली पूर्ण न्याहारी सापडली. नेहमीचंच खाल्लं : दोन पाव, वाटाण्याची पातळभाजी, एक मिरची, चहा बिनसाखरेचा. बसलो तेव्हा १३१. सत्तर मिनिटांनी २३६. साडेअकराला खाली यायला लागली. चालू राहिलेलं ते हेच. नऊ वर्षं मी चहातली साखर काढून टाकल्याच्या आनंदात होतो.

१० जुलै, गुरुवार

या दिवसासाठी ५,१०० रुपये वसूल झाले, म्हणून सविस्तर लिहितो.

दुपारचा एक वाजून वीस मिनिटं. दोन एचपीचा मोनोब्लॉक पंप, पुरात बुडालेला, गिऱ्हाईक दारात उभं. कॉइल घालत होतो, एका कॉइलला ४८ टर्न. तिशीच्या पुढे आकडा हरवला. सोडून परत पहिल्यापासून घातली, परत हरवला. वीस वर्षांत माझे टर्न चुकलेले नाहीत. पोराने कात्री चुकीच्या बाजूला ठेवली एवढ्यावरून त्याच्यावर ओरडलो. तो गप्प उभा राहिला आणि मग हळूच म्हणाला, "मेस्त, इतलो घाम कित्याक?" म्हणजे, मिस्त्री, इतका घाम कशाला?

डोक्यावर पंखा, बाहेर धो धो पाऊस, आणि माझी बनियन पाठीला चिकटलेली. फोन टेकवला. ६१, बाण सरळ खाली. बोट टोचलं, ५६.

सेन्सर रक्तातली शुगर मोजत नाही, पेशींच्या मधल्या द्रवातली मोजतो. ती रक्ताच्या पाच ते पंधरा मिनिटं मागून चालते. शुगर घसरत असताना सेन्सर दाखवतो त्याच्याही खाली तुम्ही असू शकता. आकड्याइतकाच बाण बघायचा तो यासाठी.

कारण साधं होतं. गोळी सकाळी साडेसातला, न्याहारी आठला, आणि पावसाळ्यात कामाच्या गर्दीत जेवण अडीचला. ग्लिमेपिराइड काही माझी जेवणाची वेळ विचारत नाही, ती आपलं काम करत राहते. गेली दोनतीन वर्षं दुपारी एक ते दोन माझा पारा चढलेला असतो हे दुकानात प्रसिद्ध आहे. हिने तर त्या वेळेत फोन करायचंच सोडलं होतं. आम्ही सगळे त्याला माझा स्वभाव समजत होतो.

आता पुढची चूक. पंधरा ग्रॅम साखर घ्यायची आणि पंधरा मिनिटं थांबायचं, हा नियम मला माहीत होता. तीन चमचे साखर पाण्यातून घेतली, थांबलो, स्कॅन केलं, ५८! वाढायची सोडून कमी. घाबरलो. गिऱ्हाइकाने आणलेल्या डब्यातले दोन बेसनाचे लाडू आणि एक केळं. मग त्याच लाडवाच्या हाताने बोट टोचलं तर २१०. हात धुऊन पुन्हा, ९४. म्हणजे साखरेने काम केव्हाच केलं होतं, सेन्सर मागून येत होता, आणि मी लाडू उगाच खाल्ले. चार वाजता २४७.

तेव्हापासून दुकानात नियम : शुगर पडली की पडताना आणि साखर घेतल्यावर, दोन्ही वेळा बोट टोचायचं, हात धुऊन. सेन्सरचं तेव्हा ऐकायचं नाही.

११ जुलै

उकड्या तांदळाची पेज, दोन वाट्या, आंब्याचं लोणचं. पेज म्हणजे हलकी, पचायला सोपी, आजारी माणसाला देतात. २२८, आणि तीही पन्नास मिनिटांत. सोपी पचते म्हणजे काय ते आता डोळ्यांनी दिसलं.

१२ आणि १३ जुलै

शहाणपणा. दुपारी शुगर पडते ती गोळीने, मग गोळीच नको, असं म्हणून शनिवार-रविवार सकाळची गोळी बंद केली. कुणाला सांगितलं नाही. शनिवारी दुपारी काही पडली नाही, मी खूश. रविवारी मोरी माशाच्या हुमणावर, म्हणजे कालवणावर, भात जरा सैल सुटला आणि साडेतीनला २९४, रात्री नऊपर्यंत दोनशेच्या खाली आली नाही. गोळीबरोबर मेटफॉर्मिनही गेली होती, हे माझ्या लक्षातच नव्हतं. सोमवारी निमूट गोळी घेतली आणि खिशात चण्यांची पुडी ठेवून बाराला चार चणे खायला लागलो.

१५ जुलै, मंगळवार

सेन्सर गेला. स्कूटरवरून येताना रेनकोट काढला आणि बाहीबरोबर सेन्सरही आला. खाली बघितलं तर दुकानाच्या पायरीवर उलटा पडलेला, तार वर करून, मेलेल्या झुरळासारखा. एकदा निघालेला परत लागत नाही. पाच दिवस बाकी होते, म्हणजे अठराशे रुपये पायरीवर.

तेल हे एक कारण. दुसरं हवा. आपल्याकडे जुलैत भिंत घाम गाळते, तर कातडीचं काय. वरून मी कागदी चिकटपट्टी लावली होती, ती दोन दिवसांत लगदा झाली.

२२ जुलै, मंगळवार

डॉक्टरांकडे नऊ दिवसांचा आलेख. सरासरी १७२, त्यावरून ॲपने काढलेला अंदाजी एचबीएवनसी ७.४. ७० ते १८० च्या पट्ट्यात ५७ टक्के वेळ, सत्तरच्या खाली ६ टक्के. सर्वसाधारण उद्दिष्ट असं की पट्ट्यात ७० टक्क्यांच्या वर वेळ हवा आणि सत्तरच्या खाली ४ टक्क्यांपेक्षा कमी. वय जास्त असेल तर हे आकडे सैल करतात, पण खाली पडण्याच्या बाबतीत उलट जास्त कडक होतात.

मी न्याहारीच्या शिखराबद्दल बोलायला गेलो होतो. त्यांनी ते बाजूला सारलं आणि दुपारच्या खड्ड्यांवर पेन ठेवलं. चार दिवसांत तीन खड्डे. "शिखराचं आपण सावकाश बघू. हे तुम्ही स्कूटरवर असताना झालं असतं तर?" ग्लिमेपिराइड २ ची १ केली. गोळी बंद केल्याचं सांगितल्यावर मिळालेली बोलणी इथे लिहीत नाही.

त्यांचं एक वाक्य मात्र लिहून ठेवलं : पुढचा सेन्सर लावायच्या आधी प्रश्न एका ओळीत लिहून आणा.

ऑगस्ट

श्रावणात सेन्सर नाही. म्हापशाला जुना फोन घेतला, एनएफसीवाला, ६,५००. थोरलीचा फोन तिला परत, घरात शांतता. खेळाडू लावतात ती ताणली जाणारी कापडी पट्टी ३८० ची. ती गोल कापायची, कोपरे ठेवायचे नाहीत, कोपरा आधी सुटतो. मधोमध भोक पाडायचं, कारण सेन्सरच्या मध्यावर बारीक छिद्र असतं ते झाकायचं नाही. ही पट्टी दोन्ही वेळा पुरे चौदा दिवस टिकली.

दुसरा सेन्सर दुसऱ्या फार्मसीत ४,८५० ला मिळाला. चौकशी करा, अडीचशे वाचतात.

२४ ऑगस्ट, रविवार

संध्याकाळी लावला. उजवा दंड, तेल कालपासून बंद, केस काढलेले, साबणाने धुऊन पंख्याखाली दहा मिनिटं बसून. प्रश्न लिहिला : गोळी अर्धी केल्यावर दुपारी अजून पडते का?

आणि तीन दिवसांवर चवथ, म्हणजे गणेशचतुर्थी. म्हणजे लिहिलेल्या प्रश्नाला मीच सुरुंग लावला. हिने विचारलं होतं, "अहो, चवथ झाल्यावर लावा ना." पण पाच-पन्नास प्रकारचं खाणं एका आठवड्यात मोजायला मिळेल अशी हाव सुटली.

२७ ऑगस्ट, बुधवार, चवथ

सत्तरी तालुक्यातल्या मूळ घरी. माटोळी, म्हणजे गणपतीच्या डोक्यावरचं फळापानांचं छत, बांधायला शिडीवर मीच, दरवर्षीप्रमाणे. या वर्षी दंड चौकटीला आपटू नये म्हणून आडवा होऊन दारातून जात होतो. पुतणे हसत होते.

खतखतं, मणगणं, नेवऱ्या (आपल्या करंज्या), हळदीच्या पानातल्या पातोळ्या. सगळं एका पानात आल्यावर कशाने किती चढली हे ब्रह्मदेवालाही सांगता यायचं नाही. पंगतीत फोन टेकवला तेव्हा वहिनी म्हणाल्या, "भावोजी, देवासमोर तरी ते यंत्र लपवा." लपवलं. २६२ पर्यंतचं बघितलं, पुढे बघितलंच नाही.

एवढं मात्र सुटं सापडलं. दुसऱ्या दिवशी चार वाजता, दुसरं काही न खाता, नुसत्या दोन नेवऱ्या. पाव खाल्ल्यावर झटकन चढून उतरते, नेवरीचं तसं नाही. पहिल्या तासात जेमतेम १६५, मला वाटलं जिंकलो. तीन तासांनी १९८, आणि जेवायची वेळ झाली तरी तिथेच. खोबरं आणि तळण, सावकाश पचतं. दोन तासांनी बोट टोचून 'नेवरी चालते' असं मी गेली कित्येक वर्षं सिद्ध करत आलो होतो.

२९ ऑगस्ट

रात्रीच्या आरतीला घुमट, म्हणजे हाताने वाजवायचं मातीचं वाद्य, माझ्याकडे. सुरू करताना २१४, पाऊण तासाने थांबलो तेव्हा १४९. उजवा हात थापेचा, सेन्सरही त्याच दंडावर, म्हणून खोटा वाटला. हात धुऊन बोट टोचलं, १४१. खरं होतं. पुढचे दोन दिवस घुमट दुसऱ्या कुणाला दिलं नाही, त्यावरून पुतण्यांशी थोडं वाजलं.

आरतीला उभ्या मोठ्या पुरुषमाणसांत शुगरची गोळी कोण घेतं ते सहज मोजलं. अकरांत चार. आयसीएमआर-इंडियाबची पाहणी २०२३ साली लॅन्सेटच्या मधुमेहाच्या नियतकालिकात आली, त्यात गोवा देशात पहिला : २६.४ टक्के, देशाचं प्रमाण ११.४. आमच्या आरतीत ते थोडं वरच निघालं. त्या चौघांपैकी मीटर घरात असलेला माझ्याशिवाय एकच, आणि त्याच्या स्ट्रिपा संपून वर्ष झालेलं.

२ आणि ३ सप्टेंबर

विसर्जन झालं. सेन्सर पाण्यात चालतो, पण एक मीटर खोलीपर्यंत आणि अर्धा तासच. म्हणून ओहळात मी गुडघाभर पाण्यातच थांबलो, पुढे पुतणे गेले.

सर्दी झाली म्हणून व्हिटॅमिन सीच्या चघळायच्या गोळ्या घेत होतो, ५०० ची, दिवसाला दोन. दोन दिवस सेन्सर आणि बोट जुळेनात : १७८ आणि १४२, १९० आणि १५१. सेन्सर बिघडला असं ठरवून बसलो. खोक्यातला कागद वाचला तर सरळ लिहिलंय की ५०० मिलिग्रॅमच्या वर रोज व्हिटॅमिन सी घेतलं तर आकडा खोटा चढू शकतो. गोळ्या बंद, तिसऱ्या दिवशी आकडे जुळले. गिऱ्हाइकाला मी नेहमी सांगतो, पंपाबरोबरचा कागद वाचा. स्वतः मात्र वाचत नाही.

७ सप्टेंबर, रविवार

काढला. लिहिलेल्या प्रश्नाचं उत्तर मिळालं : सत्तरच्या खाली १ टक्का, तोही एकदाच, ज्या दिवशी जेवण तीनला झालं. पट्ट्यात ५४ टक्के, पण तो चवथीचा आकडा आहे, त्यावरून गोळीला दोष देता येत नाही. डॉक्टर म्हणाल्या, गोळी अशीच राहू दे. आता शिखराकडे बघायचं.

दुकानातलं पोर म्हणतं, मेस्त आता दुपारी ओरडत नाहीत, सकाळी ओरडतात.

२६ ऑक्टोबर, रविवार

दिवाळीच्या फोवांना, म्हणजे पोह्यांना, यावेळी मुद्दामच हात लावला नाही, म्हणजे सेन्सर लावला नाही. फोव खाल्ले.

तिसरा आज लावला आणि फसला. लावताना रक्त आलं, मधल्या छिद्रातून थेंब बाहेर. थोडं रक्त आलं तरी पुष्कळदा चालतो असं वाचलं होतं म्हणून ठेवला. रात्री दहाला ॲपवर 'सेन्सर बदला'. कंपनीला फोन. त्यांनी विचारलं, खोक्यावरचा नंबर काय? कधी लावला, काय संदेश आला, सेन्सर टाकून तर दिला नाही ना? नशीब खोकं कचऱ्यात गेलं नव्हतं. बदली सेन्सर ६ नोव्हेंबरला आला, फुकट, पण अकरा दिवस गेले. चौदा दिवस पूर्ण होईपर्यंत खोकं आणि निघालेला सेन्सर दोन्ही जपा.

९ नोव्हेंबर, रविवार

परत लावला. प्रश्न : न्याहारी. फक्त न्याहारी. दुपारी-रात्री काय खाल्लं ते बघायचंच नाही असं स्वतःला बजावलं. आणि एक प्रकार दोन दिवस, कारण एका दिवसावरून काहीच कळत नाही. रात्री झोप नीट झाली नाही तर त्याच पावाने वीस-तीस जास्त चढते.

१० ते २१ नोव्हेंबर

दोन पाव, पातळभाजी : २३१, २३८. जुलैत होतं तेच.

दोन पोया, पातळभाजी : २२४, २१७. इथे मोठी निराशा. पोई म्हणजे कोंड्याचा पाव, शुगरवाल्यांनी पोई खावी, हे सगळ्या डिचोलीला पाठ आहे. पोदेराला, म्हणजे पाववाल्याला, गाठून विचारलं. तो सायकलवरचा टोपलीचा प्लास्टिक सारखा करत म्हणाला, "मैदोच चड, कोंडो वयर." म्हणजे मैदाच जास्त, कोंडा नुसता वरून. आमच्या पोदेराची पोई अशी, तुमच्याकडे वेगळी असेल. मोजून बघा.

एक पोई आणि चवळीचं तोणाक (रस्साभाजी) वाटीभर : १८९, १८३.

तेच, पण आधी तोणाक आणि एक उकडलेलं अंडं, पोई शेवटी : १७६, १७१. त्याच बशीतलं, फक्त क्रम बदलून. अंड्याचा वाटा किती आणि क्रमाचा किती ते वेगळं काढलेलं नाही. सोमवारी अंडं चालत नाही, त्या दिवशी नुसतं तोणाक आधी.

तेच, आणि मग दुकानाला स्कूटरऐवजी चालत : १५८, १६२. अठरा मिनिटांचं अंतर. बावीस वर्षं मी हे अंतर स्कूटरने जातोय. खाऊन उठल्याबरोबर निघायला हवं. एक दिवस पेपर वाचत बसून पाऊण तासाने निघालो तर १८० पर्यंत जाऊन मग उतरली.

पेज पुन्हा एकदा केली, आठवण म्हणून. २३३. सोडली. रविवारी थोडी घेतो, मोजत नाही.

२३ नोव्हेंबर, रविवार

काढला. सरासरी १४९, ॲपचा अंदाज ६.९. पट्ट्यात ७४ टक्के, सत्तरच्या खाली १. पट्टी ओढताना कातडी लाल झाली, खोबरेल लावून हळू सोडवली. तेलाचा एवढाच उपयोग.

२५ नोव्हेंबर, मंगळवार

लॅबचा एचबीएवनसी ७.२. ॲपचे ६.९ आणि लॅबचे ७.२ यावरून मी भांडायला तयार होतो. डॉक्टर म्हणाल्या, यात खोटं कुणीच नाही. एक चौदा दिवसांचा, तेही तुम्ही शहाण्यासारखे वागलात ते, आणि दुसऱ्यात चवथ आणि दिवाळी आहे.

बारा महिने सलग लावायचा का, हे त्यांना विचारलं. इन्सुलिन घेणाऱ्यांचं गणित वेगळं, त्यांना रोज लागू शकतो. माझ्यासारख्याला महिन्याचे दहा हजार घालून तोच आलेख परत परत बघण्यात अर्थ नाही. मधल्या काळात ग्लुकोमीटर आहेच, पण आता तो कधी वापरायचा ते कळलंय : न्याहारीनंतर सव्वा तासाने, आणि दुपारी एकला. सकाळी उपाशीपोटी आठवड्यातून एकदा पुरे.

खर्च : सेन्सर ५,१०० आणि ४,८५० चे दोन, फोन ६,५००, पट्टी ३८०, पन्नास स्ट्रिपा १,१५०. एकूण २२,८३०. डॉक्टरांची फी आणि म्हापशाच्या फेऱ्या वेगळ्या. एनएफसीवाला फोन आधीच असेल तर साडेसहा हजार वजा करा. पडलेल्या सेन्सरचे पाच दिवस आणि फसलेल्याचे अकरा, म्हणजे दोन आठवड्यांहून जास्त काळ नुसता फुकट गेला.

खोकी टाकलेली नाहीत, कपाटावर आहेत. पुढचा सेन्सर एप्रिलमध्ये. प्रश्न चिठ्ठीवर लिहून त्यातल्याच एका खोक्यात ठेवलाय : मानकुराद आंबा जेवणाबरोबर, की चार वाजता वेगळा? हिने खाली पेनाने लिहिलंय, "आणि किती?"